मुदखेडमार्गे हैदराबाद

गेल्या वर्षी मंडळाच्या वर्गणीची वही माझ्याकडं होती. पावती फाडताना नाव, रक्कम आणि पत्ता असे तीन रकाने भरावे लागतात. माझ्या वडलांच्या हातची एक जुनी वही घरात आहे. तिच्यात पत्त्याच्या रकान्यात भुक्तापूर, विद्यानगर, कैलासनगर, फार तर जैनथ आणि बेला. माझ्या वहीत मियापूर, कुकटपल्ली, निजामपेठ, उप्पल, चारदोन पुणे आणि एक न्यू जर्सी. आडनावं बहुतेक तीच. पैसे फोनवरून येतात आणि प्रसाद कुणाच्या तरी गाडीतून हैदराबादला जातो.

वही मिटताना मनात आलं की ही माणसं नेमकी कधी गेली? आणि ज्या शहरात गेली ते शहर इतकं मोठं कधी झालं? आपल्याकडं याचं उत्तर एका वाक्यात देतात, "सॉफ्टवेअर आलं आणि पोरं गेली." मलाही तसंच वाटायचं. पण जनगणनेचे जुने आकडे आणि घरातले कागद शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की गोष्ट बरीच जुनी आहे, आणि तिची सुरुवात पोरांपासून झालेली नाही.

आधी शहराचं पाहू. १९०१च्या जनगणनेत हैदराबादची वस्ती साडेचार लाखांच्या घरात होती. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास सोडली तर हिंदुस्थानात एवढं मोठं शहर दुसरं नव्हतं. बेंगळुरू, अहमदाबाद, पुणे सगळी मागे. त्याच वर्षी आपल्या आदिलाबादची, म्हणजे तेव्हाच्या एदलाबादची वस्ती सहा हजारांच्या थोडी वर. आता २०११चे आकडे घ्या. हैदराबादचा नागरी समूह साडेसत्याहत्तर लाखांचा, आदिलाबाद नगरपालिकेची वस्ती एक लाख सतरा हजार. भागाकार केला तर हैदराबाद सतरा पट वाढलं आणि आपलं गावही अठरा-एकोणीस पट! हे गणित मी दोनदा करून पाहिलं. "आदिलाबाद जिथल्या तिथं राहिलं आणि हैदराबाद वाढलं" असं आपण म्हणतो, पण आकडे ते म्हणत नाहीत. आपलं गावही वाढलं, खूप वाढलं. फक्त ते बाहेरून आलेल्या माणसांनी वाढलं, आणि नंतर त्यातलीच काही माणसं बाहेर गेली. त्या येण्याबद्दल आपण कमी बोलतो, म्हणून त्याच्याकडं मी पुन्हा येणार आहे.

शहरं सदा वाढतच असतात हा समजही हैदराबादनं एकदा खोटा पाडला आहे. १९११ साली तिथं पाच लाख माणसं होती, १९२१ साली चार लाखांच्या आसपास उरली. दहा वर्षांत लाखभर माणसं कमी. त्याआधी २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला होता, हजारो माणसं वाहून गेली आणि नदीकाठच्या वस्त्या भुईसपाट झाल्या. मग प्लेग आला, आणि १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ. आमच्या घरात म्हातारी माणसं हैदराबादला जाण्याबद्दल जरा दबकूनच बोलत. "तिकडं पाणी बाधतं" हे वाक्य मी आजीच्या तोंडून लहानपणी ऐकलेलं आहे. तेव्हा तिची थट्टा करायचो. आज वाटतं, तिनं ते तिच्या सासूकडून घेतलं असणार, आणि त्या सासूच्या काळात ते अगदी खरं होतं.

पुरानंतर निजामानं सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावलं. उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली तयार झाले. पूर अडला आणि शहराला प्यायला स्वच्छ पाणीही मिळालं. शहर सुधारणेसाठी १९१२ साली वेगळं मंडळ नेमलं गेलं, दाट आणि रोगट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले गेले. उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालचं. या सगळ्याचा परिणाम १९३१ नंतर दिसतो. १९३१ साली पाच लाखांच्या आतच असलेलं शहर १९४१ साली सात लाखांच्या पुढं गेलं आणि १९५१ साली दहा लाखांवर. त्या वर्षी भारतात दहा लाखांवरची शहरं मोजून पाच होती आणि हैदराबाद त्यातलं एक. (आज अशी शहरं किती आहेत? २०११ साली त्रेपन्न.) १९४१ ते १९५१ची वाढ मात्र निव्वळ सुधारणेची नव्हे. पोलीस अॅक्शनच्या आगेमागे जी उलथापालथ झाली तिच्यात जिल्ह्यांमधली कितीतरी मुसलमान कुटुंबं जीव मुठीत धरून राजधानीत गेली. त्याच्या आदल्या वर्षी रझाकारांच्या भीतीनं आपल्यातली कितीतरी कुटुंबं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली होती. आपली बहुतेक परत आली, त्यांच्यातली बरीच परतली नाहीत. शहरांच्या वाढीत अशीही माणसं मोजली जातात.

या जुन्या हैदराबादशी मराठी माणसाचं नातं कसलं होतं, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. निजामाचं राज्य तीन भाषांचं, वरून उर्दूचं. १९५१ साली राज्याच्या लोकसंख्येत मराठी बोलणारे सुमारे एक चतुर्थांश होते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या सगळ्या जिल्ह्यांची राजधानी हैदराबाद. कोर्टकचेरी तिथं, विद्यापीठ तिथं, मोठं इस्पितळ तिथं. त्यामुळं सुलतान बाजार, गौळीगुडा, काचीगुडा, नारायणगुडा या भागात मराठी वस्ती चांगली दाट झाली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारखी माणसं तिथं वकिली आणि सार्वजनिक काम करत होती. विवेकवर्धिनी शाळा १९०७ साली सुरू झाली. ज्या राज्यात सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू होती तिथं तिचं महत्त्व काय असेल याचा अंदाज करा. पुढं १९३७ साली हैदराबादेत मराठी साहित्य परिषद स्थापन झाली. नरहर कुरुंदकर हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकले. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीनं मला आठवतात ते सेतुमाधवराव पगडी. निलंग्यात जन्मलेला हा माणूस निजामाच्या नोकरीत शिरला, आदिलाबादच्या रानात आला, गोंडी शिकला आणि १९४९ साली आदिलाबादच्या गोंडांवर त्यानं इंग्रजीत पुस्तक लिहिलं. इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण आपल्याला ते गोंडी बोलणारे मराठी अधिकारी म्हणून जास्त जवळचे वाटायला हवेत.

राजधानीला जायचं तर गाडी मनमाड-काचीगुडा मार्गाची. मीटर गेज, कोळशाचं इंजिन, डोळ्यांत कण. आदिलाबादचा फाटा त्या मार्गाला मुदखेडला मिळतो. म्हणजे किनवट, मुदखेड, मग धर्माबाद, बासर, निजामाबाद आणि पुढं हैदराबाद. रूळ आता रुंद झाले पण वाट तीच आहे. तिरुपतीला जाणारी कृष्णा एक्सप्रेस आजही आदिलाबादहून निघते, महाराष्ट्रात शिरते, मुदखेडला वळते आणि बासरच्या गोदावरीवरून पुन्हा तेलंगणात येते. आपल्या जिल्ह्याच्या गावातून आपल्याच राज्याच्या राजधानीला रेल्वेनं जायचं तर दुसऱ्या राज्यातून जावं लागतं. दुसरा फाटा पिंपळखुटीकडं जातो, तोही महाराष्ट्रातच. नव्यानं बदली होऊन आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो नकाशा मागतो.

ही विचित्र गोष्ट १ नोव्हेंबर १९५६ची. राज्यं भाषेप्रमाणं लावायची ठरली तेव्हा आपल्या जिल्ह्यातून राजुरा तालुका, किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेलं. उलट नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं आपल्याकडं, आंध्र प्रदेशात आली. त्याच तालुक्यातलं धर्माबाद मात्र नांदेडकडंच राहिलं. माझी एक आत्या किनवटला दिलेली, दुसरी भैंशाला. लग्नं झाली तेव्हा दोघी हैदराबाद राज्यातच होत्या. सहा-सात वर्षांत एक महाराष्ट्राच्या वाटेला गेली आणि दुसरी आंध्रच्या. दोघी जागच्या हलल्या नव्हत्या. राजुऱ्याच्या बाजूला तर रेघ अजून पुरती सुकलेली नाही. जिवती आणि केरामेरीच्या मधल्या चौदा गावांवर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला, आणि तिथल्या माणसांकडं दोन्हीकडची रेशनकार्डं आणि दोन्हीकडचं मतदान अशी अवस्था वर्षानुवर्षं राहिली.

या रेघेचा हैदराबादवर काय परिणाम झाला, याचा विचार आपल्याकडं फारसा कुणी करत नाही. एका रात्रीत त्या शहराचा सगळा मराठवाडा तुटला. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं. परभणी-नांदेडच्या मुलाला शिकायला हैदराबादला जायचं कारण उरलं नाही, नोकरीला तो मुंबई-पुण्याकडं वळला. हैदराबादला नवी माणसं मिळत गेली ती आंध्रच्या किनाऱ्याकडून, रायलसीमेतून. शहर वाढत होतं आणि त्यातला मराठीचा वाटा आटत होता. सुलतान बाजारातली मराठी घरं तिथंच होती, पण त्यांना गावाकडून येणारं नवं रक्त थांबलं. अपवाद एकच. आदिलाबाद, भैंसा आणि मुधोळची मराठी माणसं. आपल्याला दुसरी राजधानी नव्हती. घरात मराठी, शाळेत तेलुगू, कोर्टात उर्दूची सवय असलेले आपण तिकडंच जात राहिलो. माझे काका १९६०च्या सुमारास काचीगुड्याला एका खोलीत चौघे मिळून राहत होते. चौघांपैकी तिघे आदिलाबादचे. ते सुट्टीला आले की पिशवीतून उस्मानिया बिस्किटं काढत. आमच्यासाठी हैदराबादची चव म्हणजे ती बिस्किटं.

आता आपल्या जिल्ह्यात आलेल्यांबद्दल.

१९०५ साली सिरपूर-तांडूर हा भाग मोठा करून स्वतंत्र जिल्हा केला गेला. निर्मळ, नरसापूर, चिन्नूर, लक्षेट्टीपेठ हे तालुके त्याला जोडले. जंगल अफाट, माणसं थोडी. गोंड, कोलाम, परधान, नायकपोड, आंध, थोटी अशा जमाती, नदीकाठच्या काळ्या जमिनीवर मराठी आणि तेलुगू शेतकरी. आपण स्वतःला इथले "जुने मराठी" म्हणवतो, आणि आमच्या घरातही खापरपणजोबा पैनगंगा उतरून कसे आले याची गोष्ट सांगतात. पण इथं मराठी आपल्याही आधीपासून होती. आदिलाबादच्या परधानांची घरची बोली मराठी. गोंड राजांच्या कथा ते गोंडीत गातात आणि चुलीपाशी मराठी बोलतात. आंध तर मराठीच बोलतात. मराठी भाषेचं इथलं वय आपल्या वाड्यांच्या पायापेक्षा जास्त आहे.

१९२९ साली काझीपेठ-बल्लारशा रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास वाट आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागातून गेली. बेल्लमपल्लीच्या बाजूला सिंगरेनीचा कोळसा निघाला. सिरपूरचा कागद कारखाना १९३८ सालचा, ज्याच्यावरून कागजनगर हे नाव पडलं. पूर्वेकडं खाणी आणि पश्चिमेकडं कापूस, या दोन गोष्टींनी माणसं ओढली. काळी जमीन, मोंढ्यात सरकी आणि रुईचा भाव, जिनिंगची धुराडी. १९६१ साली जिल्ह्यात दहा लाखांच्या आसपास माणसं होती. त्यानंतर लागोपाठ तीन दशकं वस्ती दर दहा वर्षांनी सत्तावीस टक्क्यांच्या आसपास वाढत गेली, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या बरीच वर. ही काही पाळण्यातली वाढ नव्हे. तेलुगू मुलखातून शेतकरी आले, वऱ्हाडातून आणि नांदेडकडून मराठी आले. १९७६च्या कायद्यानंतर तेलंगणातल्या लंबाडा म्हणजे बंजारा समाजाला अनुसूचित जमातीत जागा मिळाली. महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातीत मोजला जातो, त्यामुळं सीमेपलीकडचेही तांडे इकडं सरकले.

या येण्याची किंमत गोंडांनी दिली. इथं लिहायला जरा जड जातं, पण इतिहासाच्या लेखात ते गाळणं बरं नाही. कुमरम भीम १९४० साली जोडेघाटला मारले गेले, जंगल आणि जमिनीच्या हक्कासाठी. त्यानंतर निजाम सरकारनं ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना पाठवलं. ते मारलवाईला राहिले, त्यांच्या अहवालांमुळं गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले, शाळा निघाल्या. पुढं तेच गृहस्थ सत्तरच्या दशकात पुन्हा आले तेव्हा त्यांनी लिहिलं ते पट्टे हातून कसे गेले याबद्दल, आणि घेणाऱ्यांमध्ये तेलुगूही होते, मराठीही होते. १९७०चा विनियम, ज्याला सगळे "१/७०" म्हणतात, त्यानं एजन्सी भागातली जमीन बिगर-आदिवासींकडं जाणं बंद केलं. आमच्या नात्यातल्या दोन घरांनी त्यानंतर उटनूरच्या बाजूचं गाव सोडून आदिलाबाद शहर गाठलं. लहानपणी मी त्यांची बाजूच ऐकली, "कायद्यानं आम्हांला उठवलं" ही. त्या जमिनीवर आधी कोण होतं हे विचारायचं मला पस्तिशी उलटेपर्यंत सुचलं नाही. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. तिथला स्तंभ आपण केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला जाताना पाहतो.

मग उलटी वाट कधी लागली? १९९१ ते २००१ या दशकात जिल्ह्याची वाढ वीस टक्क्यांच्या आत आली आणि २००१ ते २०११ मध्ये अवघी दहा टक्के, राज्याच्या सरासरीच्याही किंचित खाली. याचा सगळा दोष जाणाऱ्यांवर टाकू नये. घरोघरी मुलं कमी झाली आहेत. माझे आजोबा सात भावंडं, मी तिघांतला, मला दोन मुलं आणि मोठ्या लेकीला एक. पण रोजगाराचंही आहेच. आदिलाबादचा सरकारी सिमेंट कारखाना नव्वदच्या दशकाच्या अखेरीस थांबला तो थांबलाच. कापसाच्या भावावर घर चालवणं म्हणजे काय हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

आणि त्याच वेळी तीनशे किलोमीटरवर काय चाललं होतं ते पाहा. १९८१ साली हैदराबादची वस्ती पंचवीस लाख, १९९१ साली त्रेचाळीस लाख. (यातली काही वाढ शहराची हद्द मोठी मोजल्यामुळंही आहे. मोठ्या शहरांचे आकडे वाचताना हे नेहमी लक्षात ठेवावं, नाहीतर वाटतं की एका दशकात आकाशातून माणसं पडली.) १९९८ साली हायटेक सिटी उभी राहिली. २००७ साली आजूबाजूच्या बारा नगरपालिका आणि आठ ग्रामपंचायती मिसळून बृहन् हैदराबाद महानगरपालिका झाली. कालपर्यंत जिथं ज्वारी आणि द्राक्षं होती तिथं मनपाचा वॉर्ड आला.

यातला सर्वांत बोलका आकडा आपल्या वर्गणीच्या वहीशी जुळतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मूळ हैदराबाद जिल्हा, म्हणजे जुनं शहर, सुलतान बाजार, काचीगुडा हा सगळा भाग, फक्त तीन टक्के वाढला. त्याला वेढून असलेला रंगारेड्डी जिल्हा अठ्ठेचाळीस टक्के वाढला. मधला भाग गच्च भरलेला, चौरस किलोमीटरला अठरा हजार माणसं. आपल्या जुन्या अखंड जिल्ह्यात हाच आकडा एकशेसत्तर होता. मुंबईत तर याच्याही पुढची पायरी दिसते. त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती साडेसात टक्क्यांनी घटली, माणसं ठाणे, कल्याण, वसईकडं सरकली. तेव्हा महानगर वाढतं म्हणजे त्याची कड वाढते. आत घर घेणं परवडत नाही आणि बाहेर अजून रस्ता झालेला नसतो, अशा मधल्या पट्ट्यात नवा माणूस जाऊन पडतो. आपली मुलं त्या पट्ट्यात आहेत.

काकांच्या काळी आदिलाबादचा मुलगा हैदराबादला गेला की काचीगुड्याला उतरायचा आणि दहा मिनिटं चालला की मराठी ऐकू यायची. खाणावळ मराठी, वाचनालय मराठी, गणपतीत व्याख्यानमाला. आज मुलगा मियापूरला उतरतो. तिथं अकराव्या मजल्यावर शेजारी राजमंड्रीचा, समोर पाटण्याचा, खाली केरळचा. सगळे भले. पण त्याच गृहसंकुलात दुसऱ्या इमारतीत भैंशाचं मराठी कुटुंब राहतं हे माझ्या पुतण्याला चार वर्षांनी कळलं, तेही मुलांच्या शाळेच्या बसथांब्यावर, कुणीतरी "अगं, दप्तर घे" म्हणालं म्हणून. हैदराबादेत आज मराठी माणसं काकांच्या काळापेक्षा कमी नसतील. ती विखुरली आहेत. संस्था अजून इसामिया बाजार आणि काचीगुड्याच्या आसपास आहेत आणि माणसं पंचवीस किलोमीटर लांब. मेट्रो झाल्यापासून थोडं बरं, पण दोन लहान मुलं घेऊन संध्याकाळच्या गर्दीत व्याख्यानाला कोण जाणार?

याच पुतण्याची दुसरी गोष्ट. २०११च्या जनगणनेला प्रगणक त्याच्या भाड्याच्या घरी आला. मातृभाषा विचारली. पुतण्यानं "तेलुगू" सांगितलं. का, तर आदिलाबादचा मराठी म्हटलं की पुढं दहा प्रश्न येतात, महाराष्ट्रातून कधी आलात, तिकडं गाव कुठलं. दाराशी उभं राहून एवढं कोण सांगणार? मला हे बऱ्याच वर्षांनी बोलता बोलता कळलं. मी चिडलो. तो शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही तरी काय सांगितलं असतं? आपण कुठून आलो?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. आपण आलो नाही, रेघ आली, हे उत्तर निम्मं खरं. आणि त्याच्याही आधी पैनगंगा उतरून आलो होतो, हे उरलेलं निम्मं.

ती एक नोंद चुकली म्हणून काही बिघडलं नाही असं वाटेल. पण आपल्या सीमेवरच्या गावांतल्या सरकारी मराठी शाळा अशाच नोंदींच्या आधारावर उभ्या असतात. मराठीचा शिक्षक नेमायचा का, पुस्तकं किती छापायची, दहावीची प्रश्नपत्रिका मराठीत काढायची का, या प्रश्नांना आधी आकडा लागतो. आधीच मुलं इंग्रजी शाळांकडं गेली आहेत, आणि त्यांना मी नावं ठेवत नाही, माझीही तिकडंच गेली. २०१६ साली जिल्ह्याचे चार तुकडे झाल्यावर मुधोळ-भैंसा निर्मळ जिल्ह्यात गेले आणि आपण उरलो सात लाखांच्या लहानशा आदिलाबाद जिल्ह्यात. तुकडा जितका लहान तितकी आपली संख्या जास्त दिसायला हवी. ती दिसते का, हे माणसं काय लिहून देतात यावर आहे.

२०२१ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ साली होणार असं जाहीर झालं आहे. तेव्हा हा प्रश्न मियापूरला विचारला जाईल आणि भुक्तापुरातही.

मंडळाला माझी एक सूचना आहे आणि कार्यकारिणीनं ती मान्य केली आहे. ज्यांच्या घरी निजामकाळातले मुल्की दाखले, जमिनीचे उर्दू कागद, १९५६च्या आधीच्या शाळेचे दाखले, हैदराबादच्या खोल्यांवरून आलेली पत्रं असतील त्यांनी ती अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी मंडपात आणावीत. मूळ कागद कुणी ठेवून घेणार नाही, तिथंच फोटो काढून परत मिळतील. उर्दू वाचून दाखवायला एक निवृत्त मुन्शीजी येणार आहेत. हैदराबादहून येणाऱ्यांनी कागद मुलांच्या हाती न देता स्वतः घेऊन यावेत, आणि आरक्षण आताच करावं, विसर्जनाच्या आठवड्यात कृष्णा एक्सप्रेसला उभं राहायलाही जागा मिळत नाही.